नवीन चित्रप्रदर्शनं आणि मंद दिवे

नमस्कार मंडळी,

आपल्या भागातल्या कलासंग्रहालयात नवीन चित्रप्रदर्शनं खुली होताहेत. एका दालनात तैलचित्रं, शेजारी कागदावरची जलरंगातली चित्रं. जमेल त्यांनी लवकर जाऊन या. कागदावरची चित्रं तीन-चार महिन्यांत भिंतीवरून उतरवतात आणि अंधारात विसावा देतात. ती पुन्हा बाहेर यायला कित्येक वर्षं लागू शकतात.

---

ताई,

मागच्या वेळी आईला घेऊन गेलो होतो. जलरंगांच्या दालनात इतका अंधार, की तिला चित्राखालची पाटीही वाचता येईना. एवढ्या हौसेनं आली होती, वाईट वाटलं. दिवे थोडे वाढवा असं आपण त्यांना सांगू शकतो का?

---

दादा,

आईंची अडचण खरी आहे, पण दिवे वाढवा असं कृपा करून सांगू नका. कागदावरच्या चित्रांवर साधारण 50 लक्सच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड ठेवतात. तैलचित्रांना 150-200 चालतो. उजेडानं उडालेला रंग कुठल्याही उपायानं परत येत नाही, आणि हे नुकसान साठत जातं. 500 लक्सखाली एका तासात जे बिघडतं, त्याला 50 लक्सखाली साधारण दहा तास लागतात.

तैलरंगही यातून सुटत नाहीत. चित्रकार व्हॅन गॉगनं 1888 मध्ये आपल्या झोपायच्या खोलीचं चित्र रंगवलं. भिंती फिकट जांभळ्या आहेत, असं त्यानं पत्रात लिहिलंय. आज त्या निळ्या दिसतात, कारण मिश्रणातला तांबडा उडून गेला. हे कळलं तेव्हा मला फार हळहळ वाटली. चित्र समोर आहे, पण त्यानं रंगवलेल्या त्या भिंती आता कुणालाच दिसणार नाहीत.

आईंना बाहेरच्या उन्हातून थेट चित्रापुढे नेऊ नका. त्याच दालनात बाकावर पाच-दहा मिनिटं बसू दे, डोळे सरावले की बारीक रेषाही दिसू लागतात. मोठ्या अक्षरांतली माहिती स्वागतकक्षात मागून पाहा, बऱ्याच ठिकाणी ठेवलेली असते. आणि तैलचित्रं जरा बाजूनं बघा. रंगाचे थर, कुंचल्याचे फटकारे तिरप्या उजेडात उठून दिसतात.

---

ताई,

आईला वाचून दाखवलं. शनिवारी जाऊ म्हणते. गाडीत दोन जागा आहेत, कुणाला यायचं असल्यास कळवा.