न्यूजर्सीचा मसाज परवाना न्यूयॉर्कमध्ये का चालू नये?

मोगरा_एडिसन
या उन्हाळ्यात आमचं बिऱ्हाड न्यूजर्सीतल्या एडिसनहून न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सला हलतंय. नवऱ्याची नोकरी, लेकीची शाळा सगळं मार्गी लागलं, अडकलंय ते माझंच काम. न्यूजर्सीत माझ्याकडे मसाज थेरपीचा परवाना आहे. ५०० तासांचं शिक्षण घेतलं, परवान्यासाठी लागणारी एमब्लेक्स परीक्षा पहिल्याच फटक्यात पास झाले आणि ६ वर्षं काम करतेय. न्यूयॉर्कला मात्र १००० तासांचं शिक्षण लागतं. म्हणजे मी पुन्हा शाळेच्या बाकावर, तेवढीच फी भरून.

मध्यंतरी शिवणकाम करणारे एक काका यायचे. उजवा हात कानाच्या वर जात नव्हता. खांद्याच्या फऱ्याच्या आतल्या कडेला बोराच्या बीएवढी गाठ लागायची आणि तिथे अंगठा टेकवला की कळ थेट कोपरापर्यंत. चौथ्या खेपेनंतर त्यांचा फोन आला, वरच्या फळीवरचा कापडाचा तागा आज मी स्वतः काढला म्हणाले. हेच हात हडसन नदी ओलांडून न्यूयॉर्कला गेले की अर्धे कसे होतात? जो माणूस परवाना घेऊन इतकी वर्षं काम करतोय, त्याचे शाळेतले तास काय मोजता? त्याचं काम बघा. हवी तर आणखी एक परीक्षा घ्या, मी आनंदाने देईन.

फिजिओ_तात्या
तुमची तळमळ कळते, पण मी विरोधात आहे. सांगलीला माझ्या काकांचं खुब्याचं ऑपरेशन झालं. पंधराएक दिवसांनी पोटरी सुजली, हाताला गरम लागायला लागली. घरच्यांनी मालिशवाल्या बाईंना बोलावलं. बाई गुणी, पंचवीस वर्षांचा हात. तेलाची वाटी कोमट करून त्या बसणार, तेवढ्यात मी पोचलो म्हणून बरं. शिरेत रक्ताची गुठळी होती. चोळून ती सुटली असती आणि फुफ्फुसात गेली असती, तर काका हातचे गेले असते. गाठ कुठे आहे ते अनुभवाने कळतं. हात कुठे लावायचा नाही, हे मात्र कुणीतरी शिकवावंच लागतं आणि त्याला वेळ लागतो. न्यूयॉर्कने तो वेळ मागितला तर काय चुकलं?

मोगरा_एडिसन
तात्या, ही गुठळी मला ५०० तासांतच शिकवली होती. एमब्लेक्समध्ये मसाज कधी करू नये यावर प्रश्न असतात. आणि ५०० तास खरंच अपुरे असतील, तर न्यूजर्सीकरांच्या पोटऱ्यांची काळजी कुणी करायची?

डॅलसकर
पूर्ण पाठिंबा. टेक्सासला ५०० तास, फ्लोरिडाला ५००, मॅसॅच्युसेट्सला ६५०, न्यूयॉर्कला १०००. कॅलिफोर्नियात तर राज्याचा परवानाच नाही, ऐच्छिक प्रमाणपत्र आहे. माणसाचं शरीर सगळीकडे तेच. ॲरिझोनाने २०१९ मध्येच कायदा केला: दुसऱ्या राज्यात किमान वर्षभर परवाना असेल, तक्रार-कारवाई नसेल आणि तुम्ही इथे राहायला आला असाल, तर तास पुन्हा मोजत बसणार नाही. हे इतरांना का जमू नये?

निशिगंध
कारण मग सगळ्यात सैल राज्याचा नियम सगळ्यांचा होईल. पैसे घेऊन खोटी प्रमाणपत्रं देणाऱ्या शाळा इथे पकडल्या गेल्यात. मसाजच्या पाटीआड बायकांना डांबून ठेवण्याचे प्रकार आपण बातम्यांत वाचतो. परवाना देणारी राज्यांची मंडळं कागद पुन्हा तपासतात ते त्यासाठीच. मोगराताईंसारख्या प्रामाणिक बाईला त्याचा त्रास होतो हे मला मान्य आहे. तरीही ती चाळणी काढू नये.

डॅलसकर
चाळणी राहू द्या! कागद खरे आहेत का, ते जरूर तपासा. पण खरे ठरल्यावरही परत शाळेत पाठवायचं, याने कुठल्या बाईची सुटका होते?

पाणकावळा
ताई, तोवर ओळखीच्या लोकांकडे घरी जाऊन करा. कोण बघतंय?

मोगरा_एडिसन
नको. परवान्याशिवाय हे काम करणं न्यूयॉर्कमध्ये फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा आहे, साधा दंड भरून सुटण्यातलं नाही. आणि मला लपून काम करायचंच नाहीये. परवाना भिंतीवर लावून दिवसाउजेडी करायचंय.

कोकणस्थ_ओहायो
मी दोन राज्यं बदललीत, म्हणून दोन गोष्टी कळकळीने सांगते. जुना परवाना अजिबात लॅप्स होऊ देऊ नका. नव्या मंडळाला जुन्याकडून तो चालू असल्याची खात्री हवी असते. आणि शाळेकडून गुणपत्रक आजच मागवा. माझी शाळा मध्येच बंद पडली, कागद कुणाकडे आहेत हे शोधण्यात चार महिने घरी बसले.
आंतरराज्य मसाज कराराकडेही लक्ष ठेवा, म्हणजे सामील राज्यांत एकमेकांचा परवाना चालावा म्हणून केलेला करार. नेवाडाने २०२३ मध्ये सगळ्यात आधी कायदा केला. ७ राज्यं सामील झाली की करार अमलात येतो, असं त्याचं कलम आहे. मात्र राहतं राज्य त्यात असावं लागतं.

फिजिओ_तात्या
त्या करारात शिक्षणाची अट ६२५ तासांची आहे, हेही सांगा. म्हणजे राज्यांच्या सीमा मोकळ्या करायला निघालेल्यांनाही ५०० कमीच वाटले.

मोगरा_एडिसन
तात्या, १२५ तास मी या हिवाळ्यात हसत शिकेन. शिकायला माझी ना कधीच नव्हती. पण हे १२५ कुठे आणि न्यूयॉर्कचे वाढीव ५०० कुठे? मधल्या ३७५ तासांत माझ्या हाताला नवीन काय येणार, ते सांगा.

फिजिओ_तात्या
तुमच्या शाळेच्या अभ्यासक्रमाचा कागद इथे टाका. आजारांच्या अभ्यासाला किती तास दिलेत ते बघून सांगतो.