‘सर्केशिया’ बोटीने विलायतेला गेलेलं कुणी आहे का?

समुद्रवेडा: आजोबा १९६२ साली मुंबईच्या बॅलार्ड पियरवरून ‘सर्केशिया’ने लिव्हरपूलला गेले होते. तो प्रवास कसा असायचा?

लीड्सची मावशी: मी गेले आहे! १९६३, लग्नानंतर पाच महिन्यांनी, एकटी. अँकर लाइन कंपनीची बोट, १९३७ साली ग्लासगोला बांधलेली. धक्का सुटला तेव्हा आईचं हिरवं लुगडं दिसेनासं होईपर्यंत मी कठडा धरून उभी होते. जेवण वाढणारे बरेचसे गोव्याचे. त्यातले एक काका, मी मराठी आहे कळल्यावर, रोज वाटीभर साधं वरण आणून देत. त्या वरणाने मला सावरलं. एडन बंदरात विक्रेत्यांच्या होड्या बोटीला भिडल्या. दोरीच्या टोपलीतून मी निळा थर्मास वर ओढून घेतला. इजिप्तच्या पोर्ट सईदला ‘गली गली’ म्हणत जादू करणारा जादूगार चढला, त्याने माझ्या पदरातून कोंबडीचं पिल्लू काढलं!

समुद्रवेडा: मावशी, आजोबाही पिल्लाचीच गोष्ट सांगायचे! डोळे भरून आले.

बंदरकाठ: १९६६च्या सुरुवातीला ती बोट बंद झाली. माझे बाबा तिला निरोप द्यायला धक्क्यावर गेले होते.

लीड्सची मावशी: थर्मास अजून आहे. उद्या फोटो टाकते.