मदत हवी आहे: कच्ची ऑर्डर, पक्की ऑर्डर आणि स्प्रिंग बूटमधलं व्हॅलिडेशन

नमस्कार मंडळी,

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादर-टॉवेल कारखान्यासाठी ऑर्डरची सिस्टीम करतोय. स्प्रिंग बूट ३ (जावात वेब सिस्टीम बांधायचा सांगाडा) आणि थायमलीफ (वेबपानांचं टेम्प्लेट). व्यापाऱ्याचा फोन आला की दिवाणजी कच्ची ऑर्डर टाकतात, तेव्हा नाव, मोबाइल आणि नग एवढंच ठाऊक असतं. पक्की करताना मात्र जीएसटी क्रमांक, पत्ता, पिनकोड सगळं लागतं. फॉर्म एकच आहे.

व्हॅलिडेशनचे, म्हणजे भरलेली माहिती तपासायचे, साधे नियम फील्डवर @नॉटब्लँक (रकाना रिकामा नको), @पॅटर्न (मजकूर ठरल्या साच्यातला हवा) ही ॲनोटेशनं, म्हणजे कोडवरच्या खुणा, लावून भागले. रिकामा रकाना सर्व्हरवर नल (काहीच नाही) न येता रिकामी स्ट्रिंग (शून्य अक्षरांचा मजकूर) म्हणून येतो, त्यामुळे जीएसटी न भरलेली कच्ची ऑर्डरही @पॅटर्न अडवायचं. @इनिटबाइंडरमध्ये (फॉर्मची माहिती वाचायची तयारी करणारी मेथड) स्ट्रिंगट्रिमरएडिटर लावून रिकाम्याचं नल केलं. @पॅटर्न नलला हरकत घेत नाही, तेवढं सुटलं.

घोडं अडलंय पुढे. कच्ची-पक्कीसाठी व्हॅलिडेशन ग्रुप (कुठला नियम कधी लावायचा याचे गट) लावले, पण प्रत्येक फील्डवर ॲनोटेशनची रांग झालीय आणि कुठला नियम कधी लागतो हे वाचून कळत नाही. त्यात मोठे व्यापारी एक्सेल पाठवतात. ती फाइल वेगळ्या वाटेने येते, फॉर्मच्या कंट्रोलरवरचं (फॉर्म स्वीकारणारा कोड) @व्हॅलिड, म्हणजे तपासणी सुरू करणारं ॲनोटेशन, तिला लागूच होत नाही. नियम नेमके कुठे ठेवावेत? पुढे ही सिस्टीम दुसऱ्या कुणाच्या हाती गेली तरी त्याला ते एका जागी सापडावेत, अशी मनापासून इच्छा आहे.

आणखी एक. नावाचा पॅटर्न इंग्रजी ए ते झेड होता, मराठी नावं नाकारली जायची. युनिकोडचा (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांची जागतिक यादी) अक्षरवर्ग एल घातला, तर ‘राम’ही चालेना!

प्रतिसाद:

नावाचं आधी सांगतो. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे युनिकोडमध्ये एल वर्गात नसून एम वर्गात (अक्षराला जोडायच्या खुणा) येतात. दोन्ही वर्ग आणि स्पेस घ्या. सोलापुरात तेलुगू, कन्नड लिहिणारेही आहेत, त्यांचीही सोय होईल.

ग्रुप काढा. कच्च्या ऑर्डरीचा क्लास (माहितीचा साचा) वेगळा करा, पक्कीचा त्याला एक्स्टेंड करू दे, म्हणजे त्यातलं सगळं घेऊन वर आपलं जोडू दे. पक्कीच्या अटी पक्कीतच राहतील. एक्सेलसाठी व्हॅलिडेटर (तेच नियम कोडमधून चालवणारं ऑब्जेक्ट) इंजेक्ट करून, म्हणजे स्प्रिंगकडून मागवून, प्रत्येक ओळीवर व्हॅलिडेट मेथड चालवा आणि चुका ओळ क्रमांकासह जमवा. एका चुकीपायी अख्खी फाइल परत पाठवणं व्यापाऱ्यावर अन्याय आहे. कंट्रोलरमध्ये बाइंडिंगरिझल्ट (सापडलेल्या चुका ठेवणारं ऑब्जेक्ट) फॉर्मच्या पॅरामीटरला लागूनच हवा, मध्ये दुसरं काही आलं तर चुका त्यात येत नाहीत.

जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. ते राज्याशी जुळवायचे तर क्लासवर स्वतःचं कन्स्ट्रेंट (तपासणीचा नियम) लिहा आणि ॲडप्रॉपर्टीनोड (चूक कुठल्या फील्डची ते सांगणारी मेथड) वापरून चूक जीएसटीच्या रकान्याखाली दाखवा. जुळवणी बिलाच्या पत्त्याशी करा. माल हैदराबादला उतरणार असला तरी बिल पुण्याचं असू शकतं.