अंडरवे म्हणजे जहाज चालू आहे असंच ना?

चिंचेचा_कोळ: भाचा सेकंड मेटच्या (जहाजावरचा एक अधिकारी) तोंडी परीक्षेची, म्हणजे ओरलची तयारी करतोय आणि त्याची उजळणी घ्यायचं काम माझ्याकडे आलंय, मला समुद्रातलं काडीचं कळत नाही, पुस्तक हातात धरायचं नि प्रश्न विचारायचे एवढंच. काल विचारलं, इंजिन बंद आहे, जहाज नुसतं वाहवत चाललंय, तर ते अंडरवे का? तो म्हणाला हो. मी म्हटलं चालतच नाहीये तर अंडरवे कसलं डोंबलाचं, तर हसला आणि चहा टाकायला उठला. मग ते मेकिंग वे काय असतं?

ओहोटी: भाचा बरोबर आहे ताई. १९७२ च्या कोलरेग्जमधला, म्हणजे समुद्रात टक्कर टाळायच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला, नियम ३ बघा. नांगरावर नाही, किनाऱ्याला बांधलेलं नाही, तळाला रुतलेलं नाही, हे तिन्ही 'नाही' जमले की अंडरवे, मग वेग शून्य का असेना. मेकिंग वे म्हणजे पाणी कापत पुढे (किंवा मागे) जाणं, नुसतं प्रवाहाबरोबर वाहवत गेलं तर ते त्यात धरत नाहीत. हा शब्दांचा कीस वाटेल पण धुक्यात कळतो. इंजिनवालं जहाज चालत असेल तर एक लांब भोंगा, अंडरवे आहे पण थांबलंय तर दोन लांब, मध्ये साधारण २ सेकंद सोडून, आणि दोन्ही वेळा २ मिनिटं उलटायच्या आत पुन्हा द्यायचा. लांब म्हणजे ४ ते ६ सेकंद. समोरचं काही दिसत नसतं तेव्हा तो थांबलाय की अंगावर येतोय याचा अंदाज कानांनीच घ्यायचा.

सुकाणू_सोडलेला: यात अजून एक गोची आहे, रस्त्याचा वे आणि नांगर उचलण्याचा वे. इंग्रजीत स्पेलिंग वेगळं, उच्चार एकच, आणि आपल्या लिपीत तर दोन्ही 'वे'च 😀 नांगराने तळ सोडला की 'अँकर अवे' म्हणतात आणि जहाज अंडरवे धरतात तेही तिथूनच, त्यामुळे जुन्या पुस्तकांत अंडरवेचं स्पेलिंगसुद्धा नांगरवालं सापडतं. मूळ मात्र डच, वाटेवर असणे या अर्थाचं.

मचवा: आणि नॉट पर अवर म्हणू देऊ नका त्याला!! नॉट म्हणजेच तासाला एक नॉटिकल मैल, १८५२ मीटर.

चिंचेचा_कोळ: आत्ताच भोंगे विचारले. दोन म्हणाला, पण मधले २ सेकंद विसरला. आजचा चहापण त्याच्याकडेच.