'दाहशामक' म्हणजे नेमकं काय शमवणारं?

पऱ्हाटी : समुद्रपूर तालुक्यातल्या एका बचत गटाच्या हळदीच्या पाकिटामागचा मजकूर मराठीत करतोय. हळद वायगावची, २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेली. मी लिहिलं : 'हळदीतील कुरकुमिन पेशींच्या संकेतन मार्गांवर परिणाम करून दाहशामक कार्य करते.' 'दाहशामक' म्हणजे इंग्रजीतलं 'अँटी-इन्फ्लमेटरी'. गटात वाचून दाखवलं, तर एका काकूंनी विचारलं, "म्हंजे ॲसिडिटीवर चालते का?" दुसरा शब्द सुचवा.

वर्धाकाठ : काकूंचं काय चुकलं? आपल्याकडे दाह म्हणजे छातीतली नाहीतर तळपायाची आग, आणि दाहशामक म्हणजे वाळा, सब्जा, गुलकंद. इन्फ्लमेशनची जुनी लक्षणं चार : लाली, सूज, ऊब, ठणका. 'दाह' त्यातलं एखादंच पकडतो. म्हणूनच 'दाहयुक्त सूज' अशी जोडी परिभाषेत दिसते. मी 'सूज उतरवणारी' लिहीन.

सालईबन : त्यातही खोट आहे. बोट दाबलं की खळगा पडतो ती पायावरची सूज हृदयाची किंवा मूत्रपिंडाची असू शकते. तिथे हळद काय करणार? उलट रक्तवाहिनीच्या भिंतीतली धुसफूस बाहेरून दिसतही नाही. नेमका शब्द 'शोथ'. सुश्रुतानं व्रणशोथाच्या आम, पच्यमान, पक्व अशा अवस्था सांगितल्या आहेत. आपण गळवाला कच्चं, पिकायला आलेलं, पिकलेलं म्हणतो, ते हेच.

ढेकूळ : शोथ कोनाले समजते बाप्पा? आमच्याकडं 'ठनकते अन् आग मारते' म्हनतेत. अन् बिबा उतला म्हनतेत, थो काय हाय मंग?

सालईबन : वा, 'उतणे' विसरलोच होतो. बिब्याच्या तेलातली फिनॉल वर्गातली रसायनं कातडीतल्या प्रथिनांना चिकटतात. रोगप्रतिकारक पेशींना ती प्रथिनं मग परकी वाटतात आणि एक-दोन दिवसांत लाल फोड उठतात. म्हणजे शोथच, आणि तोही औषधात वापरल्या जाणाऱ्या झाडानं आणलेला. 'वनस्पती आहे, अपाय नाही' म्हणणाऱ्यांना हा एक शब्द पुरे.

पऱ्हाटी : आणि 'संकेतन'चं, म्हणजे पेशींमधल्या सिग्नलिंगचं, काय करू?

सालईबन : मी 'निरोप' घेईन. निरोप धाडतात, पोचतो, अडतो. क्रियापदं तयार आहेत. 'संकेत'ला बोलीत रूढीचा किंवा सूचनेचा वास येतो. आत घडतं ते असं : एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन एरवी दाव्याला बांधलेल्या गोऱ्ह्यासारखं पेशीत अडकून असतं. इजेची किंवा जंतूंची वर्दी आली की त्याला धरून ठेवणारं दुसरं प्रथिन मोडतं, मग हे केंद्रकात शिरतं आणि शोथ वाढवणाऱ्या रेणूंची जनुकं चालू करतं. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत कुरकुमिनमुळे ते धरून ठेवणारं प्रथिन मोडलं नाही, असं दिसलं. मेळघाटातल्या सालईच्या डिंकातली बॉस्वेलिक आम्लं वेगळ्या जागी बोट ठेवतात. ती ५-लायपॉक्सिजनेज या विकराला (एन्झाइमला) अडवतात, म्हणजे ल्यूकोट्राइन हे शोथ वाढवणारे रेणू कमी बनतात. तेव्हा 'मार्ग' अनेकवचनीच राहू दे.

वर्धाकाठ : नामांवर इतका खल चाललाय, पण घोटाळा क्रियापदात आहे. 'कार्य करते' कुठे? काचेच्या बशीतल्या पेशींवर की खाणाऱ्याच्या गुडघ्यात? हळदीत कुरकुमिन साधारण २ ते ५ टक्के, वायगावच्या हळदीत ६ च्या पुढे सांगतात. पण पोटातून रक्तात फार थोडं उतरतं. मिरीतल्या पायपरिनमुळे ते बरंच जास्त शोषलं जातं, हे १९९८ च्या एका अभ्यासात दिसलं. कुरकुमिन चाचण्यांनाच फसवतं, गुण नसताना गुण दाखवतं, अशी टीका २०१७ मध्ये रसायनशास्त्रज्ञांनीच केली. म्हणून 'करते' काढा, 'आढळले आहे' घाला. आणि पाकिटावर रोगाचं नाव नको, खाद्यपदार्थाला बरं करण्याचा दावा कायद्यानं करता येत नाही.

पऱ्हाटी : मग असं? 'हळदीतील कुरकुमिन सूज-ठणका वाढवणारे पेशींमधले काही निरोप अडवते, असे प्रयोगशाळेत आढळले आहे.'

सालईबन : 'अडवते'ऐवजी 'मंद करते'. सगळे निरोप अडले तर जखमही भरायची नाही.

ढेकूळ : हे वाचता येते. पन अक्षर मोठं ठेवजा, पाकीट शंभर ग्रामचं हाय.