दशावतारी बार्ड आणि आठवड्यातली पाचवी लेव्हल
डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या पात्रं घेऊन कथा खेळायच्या खेळात नवखं पात्र कथेतल्या आठवड्याभरात पाचव्या लेव्हलला पोचतं हे पटत नाही, म्हणून मध्ये सक्तीने कथेतले काही महिने जाऊ द्यावेत, असं काही जण म्हणतात. आकडे तसेच आहेत: डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीत दुसरी लेव्हल ३०० एक्सपीला (अनुभवाच्या गुणांना), पाचवी ६५०० ला, रोज लढाया झाल्या तर आठवडा पुरतो. पण महिने घालवले की कथेतली हवाच जाते. उत्तर पात्राच्या पूर्वकथेत शोधावं.

कुडाळच्या आमच्या गटात एकीने दशावतारी नट असलेला बार्ड (गाण्या-वाजवण्यातून जादू करणारं पात्र) केला. लहानपणापासून नाटकमंडळीच्या पेटाऱ्यासोबत जत्रेजत्रेत फिरलेला. दशावतारात लिखित संहिता नसते, संवाद उभ्या उभ्या सुचावे लागतात. पखवाजाच्या ठेक्यावर तलवार फिरवायची हाताला सवय. सुरुवातीच्या चकमकींत तो गिरकी घेऊन वार हवेतच थांबवायचा, नाटकात थांबवतात तसा, आणि मार खायचा. ती सवय सुटत गेली. तिसऱ्या लेव्हलला तिने कॉलेज ऑफ व्हॅलर (बार्डची लढाऊ शाखा) घेतलं, ढाल आणि युद्धातली शस्त्रं आली, तेव्हा 'हा हे कधी शिकला?' असं कुणालाच विचारावंसं वाटलं नाही. फक्त 'याने आधीच राक्षस मारलेत' असं पूर्वकथेत लिहू देऊ नका, मग पहिल्या लेव्हलचे ८-९ हिट पॉइंट (किती मार सोसेल त्याचे गुण) खोटे वाटतात.