मदत हवी आहे: माणसं एक, साहेब दोन

पानवारा: रचना बदलल्यापासून माझ्या माणसांना दोन्हीकडून आदेश येतात. दोन्ही कामं तातडीची. शेवटी एकही पुरं होत नाही आणि बोलणी मी खातो. व्यवस्थापनाचं कोणतं तत्त्व दाखवू? उद्या बैठक आहे, लवकर सांगा.

सरळरेषा: दोन्हीकडून म्हणजे? भागीदार की विभागप्रमुख? तुमचं पद काय?

पानवारा: उत्पादनप्रमुख आणि गुणवत्ताप्रमुख. मी पाळीचा सुपरवायझर.

तळटीप: मग आदेशाची एकता. हेन्री फेयॉल यांच्या १४ तत्त्वांपैकी एक, १९१६ सालचं. कामगाराला आदेश एकाच वरिष्ठाकडून मिळावा. स्वतः बरीच वर्षं खाण कंपनी चालवलेल्या माणसाचं म्हणणं आहे हे.

निरगाठ: सारखं फेयॉल काय? फ्रेडरिक टेलर या अमेरिकन अभियंत्याने फोरमनचं काम ८ जणांत वाटलं होतं. वेगाचा वेगळा, दुरुस्तीचा वेगळा, तपासणीचा वेगळा. ज्याला त्यातलं कळतं त्याने हुकूम द्यावा, बिघडलं काय?

तळटीप: काय बिघडतं ते पानवारा वर सांगताहेतच. फेयॉलनी नेमक्या याच मुद्द्यावर टेलरला विरोध केला होता. तज्ज्ञ हवेतच, पण फोरमनच्या मदतीला.

नवीपाटी: सगळी कामं एका ॲपवर टाका. आमच्याकडे फोन बंदच झाले.

निरगाठ: ॲपवरही दोन साहेब दोन कामं टाकतीलच की.

शेवंती: पगार वेळेवर आहे का? योग्य मोबदला हेही तत्त्वच आहे. माणसं टिकली की निम्मे प्रश्न सुटतात.

पानवारा: पगाराचा काही संबंध नाही हो!

सरळरेषा: गुणवत्तावाल्यांना नक्की कसला अधिकार दिलाय?

पानवारा: माल थांबवायचा. पण ते माणसंही उचलून फेरतपासणीला नेतात.

सरळरेषा: हे आधी सांगायला हवं होतं. माल थांबवणं त्यांच्याकडेच राहू दे, त्याला हात लावू नका. उत्पादनाच्या घाईत सदोष माल पुढे जाऊ नये म्हणूनच तो अधिकार वेगळा ठेवतात. माणूस कुठे उभा राहील हे मात्र उत्पादनप्रमुखांनी तुमच्यामार्फत ठरवावं. उद्या एवढंच लेखी मागा.

तळटीप: आणि माणसं हवी असतील तर दोन्ही प्रमुखांनी थेट आपसात बोलावं. वरिष्ठांची परवानगी असेल तर अशी आडवी फळी, म्हणजे वरून फिरून न जाता थेट बोलणं, फेयॉलनाही मान्य होती.

पानवारा: ते दोघं एकमेकांशी बोलत नाहीत.

सरळरेषा: दोघांच्या वर कोण?

पानवारा: मालक.

सरळरेषा: उद्याच्या बैठकीला ते आहेत का?